पौषांतली उघडीप

हवापाण्याच्या गोष्टी बोलणारा मनुष्य म्हणजे ज्याच्याजवळ बोलण्यासारखें दुसरें कांहीं उरलेलें नाहीं असा मनुष्य, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची एक समजूत आहे. पुण्यासारख्या गांवीं ती खपूनही जाते. कारण येथला हिंवाळा इतका सभ्य आहे कीं त्याच्याविषयीं आगाऊ चौकशी करण्याचें कोणास कारणच पडत नाहीं. पहांटे फिरावयास निघतांना कानटोपी घालावी कीं नुसत्या मफलरवर भागवावें, एवढाच काय तो प्रश्न. आणि तोही बहुधा घरांतल्या माणसांनीं आपल्याला न विचारतांच सोडविलेला असतो. वर्तमानपत्रांत निफाडचा पारा किती उतरला याचा आंकडा येतो. तो आपण चहाबरोबर वाचतों, द्राक्षबागाईतदारांसाठीं क्षणभर हळहळतों आणि पान उलटतों.

मी स्वतः याच समजुतीचा होतों. संख्याशास्त्र शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें; त्यामुळें पावसाच्या सरासऱ्या आणि पाऱ्याचे चढउतार मला फळ्यावरच्या उदाहरणांपुरते ठाऊक. जिच्याविषयीं बोलल्यावांचून दिवस ढकलतांच येत नाहीं अशी हवा मीं प्रथम पाहिली ती २०१७ च्या डिसेंबरांत, अमेरिकेंतील बॉस्टन शहराजवळ.

जाण्याचें कारण आनंदाचें नव्हतें. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, तीस वर्षांपासून तिकडे स्थायिक झालेला. बॉस्टनच्या दक्षिणेस क्विन्सी नांवाचें गांव आहे, तेथें त्याचें घर. दिवाळीनंतर त्याच्या आंतड्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे कठीण औषधोपचार सुरू झाले. वहिनींनीं फोनवर "या" असें म्हटलें नाहीं, "तुम्हांला रजा मिळते का हो, भाऊजी?" एवढेंच विचारलें. मीं रजा काढली. दादाला नीट भेटून अकरा वर्षें झालीं होतीं. या अकरा वर्षांचा हिशेब मला पुढें द्यावयाचाच आहे.

त्या घरांतल्या पहिल्या सकाळीं माझ्या कानांवर प्रथम काय पडलें असेल, तर हवेचें भाकीत. दादा गुडघ्यांवर पांघरूण घेऊन खुर्चींत बसला होता. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक गृहस्थ नकाशापुढें उभे राहून हातवारे करीत होते. आणि दादा त्यांच्याकडे ज्या एकाग्रतेनें पाहत होता, त्या एकाग्रतेनें आमच्या वडिलांना मीं फक्त कोर्टाचा निकाल वाचतांना पाहिलें होतें. "आज वीस," दादा म्हणाला. पुण्याहून आलेल्या माणसाला वीस अंश म्हणजे गुलाबी थंडी. मी शाल पांघरून अंगणांत गेलों, आणि गेलों त्याच्या दुप्पट वेगानें परत आलों. त्या देशांत अजून फॅरनहाइटचें राज्य आहे. पाणी गोठतें तें बत्तीस अंशांवर. वीस म्हणजे आपल्या मापानें उणे सात. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं दादाचा जाड डगला आणून माझ्यापुढें ठेवला.

त्या वर्षीं डिसेंबरअखेरचे आणि जानेवारीच्या आरंभींचे मिळून सात दिवस बॉस्टनचा पारा भरदुपारींदेखील या विसांच्या वर चढला नाहीं. सलग सात दिवस असें पूर्वीं एकदांच, १९१८ सालीं, घडलें होतें. आणि ही माहिती मला त्या आठवड्यांत औषधांच्या दुकानदारानें, टपालवाल्यानें आणि शेजारच्या वृद्ध बाईंनीं, अशी तीन वेळां पुरविली. तिकडे हिंवाळ्यांत प्रत्येक गृहस्थ अर्धा ज्योतिषी असतो. स्वयंपाकघरांत खिळ्याला एक पिवळ्या वेष्टनाचें पुस्तक टांगलेलें होतें. तें १७९२ पासून निघत आलेलें तिकडच्या शेतकऱ्यांचें पंचांग. खिळ्याला अडकवितां यावें म्हणून त्याच्या कोपऱ्याला भोंक पाडूनच तें विक्रीला येतें. वर्षभराच्या हवेचीं भाकितें त्यांत आगाऊ छापलेलीं असतात. आणि तीं ज्या सूत्रावरून काढतात तें सूत्र म्हणे न्यू हॅम्पशर राज्यांतील डब्लिन नांवाच्या गांवीं एका काळ्या पत्र्याच्या पेटींत जपून ठेवलेलें आहे. आपल्या पंचांगांत नक्षत्राचें वाहन बेडूक आहे कीं गाढव आहे यावरून पाऊस ठरतो, आणि सहदेव-भाडळीचे ठोकताळे आमच्या आजोळीं सर्वांना तोंडपाठ असत. त्यामुळें तें पुस्तक हातीं घेतांना मला मुळींच परकें वाटलें नाहीं.

परंतु याच लोकांचा दुसरा हात शास्त्राच्या हातांत आहे. दादाच्या घराजवळून ब्लू हिल नांवाची टेकडी दिसते. तिच्या माथ्यावरील वेधशाळेंत १८८५ च्या फेब्रुवारीपासून हवेचीं निरीक्षणें अखंड चालू आहेत. खुद्द बॉस्टन शहरांत एका उंच इमारतीच्या शिखरावर १९५० पासून हवेचा दिवा आहे. निळा दिवा स्थिर असला तर आकाश निरभ्र, तो लुकलुकला तर ढग. लाल दिवा स्थिर असला तर पाऊस, आणि हिंवाळ्यांत तो लुकलुकूं लागला कीं बर्फ. नोकरी करीत होता तेव्हां दादा कचेरींतून निघतांना या दिव्याकडे पाही आणि मगच घरीं फोन करी.

जानेवारीच्या तिसऱ्या दिवशीं भाकीत आलें: उद्यां फूटभर बर्फ, सोसाट्याचा वारा, समुद्राला उधाण. वहिनी तांतडीनें दुकानांत गेल्या. बर्फाची वार्ता येतांच तिकडे सगळीं संसारी माणसें पाव, दूध आणि अंडीं आणावयास धांवतात. जणूं बर्फ पडत असतांना मनुष्याला दुसरें कांहीं पचतच नाहीं. भाकीत अक्षरशः खरें ठरलें. ४ जानेवारी २०१८ रोजीं बॉस्टनला तेरा इंचांहून अधिक बर्फ पडला, आणि तेथल्या बंदरांतील भरतीनें १९७८ च्या प्रसिद्ध वादळांतला उच्चांक मागें टाकला. दुसऱ्या दिवशीं खिडकींतून पाहिलें तों रस्ता, कुंपण, मोटार, सर्व नाहींसें झालेलें. मी फावडें घेऊन निघालों. माझ्या पन्नाशीचा अंदाज वहिनींना माझ्याहून अधिक होता. त्यांनीं दुसरें फावडें घेतलें.

संध्याकाळीं दादा म्हणाला, "आतां वीस तारखेपर्यंत सोसायचें. मग बर्फ वितळेल."

"वीस तारखेलाच कां?"

"दरवर्षीं वितळतो. वीस ते पंचवीसच्या दरम्यान चार दिवस हवा फिरते, पाणी पाणी होतें, मग पुन्हां गोठतें. येथल्या कोणालाही विचार."

तो सांगत होता तें खोटें नव्हतें. न्यू इंग्लंड म्हणून जो मुलूख ओळखला जातो, त्यांत जानेवारीच्या शेवटच्या सुमारास बर्फ वितळण्याचे दिवस येतात अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. १९५२ सालीं एबरहार्ड वाल नांवाच्या हवामानशास्त्रज्ञानें जुन्या नोंदी तपासून या समजुतीला आधार दाखविला. रोजच्या तपमानाची अनेक वर्षांची सरासरी काढून तिची रेघ आंखली, तर जानेवारीच्या त्या आठवड्यांत तिला एक लहानसा उंचवटा येतो. तो उंचवटा कागदावर कोणासही दिसतो. प्रश्न एवढाच कीं त्याला कांहीं अर्थ आहे का?

येथें माझ्यांतला मास्तर जागा झाला. मीं दादाला २००२ सालचा एक निबंध ऐकविला. गॉडफ्रे, विल्क्स आणि शुल्ट्झ या तिघांनीं असें केलें कीं, ज्यांत असा कोणताही खास आठवडा मुद्दाम घातलेला नाहीं, अशा तपमानाच्या कृत्रिम मालिका यंत्राकडून तयार करवून घेतल्या. आणि त्यांच्याही सरासऱ्या काढल्या. तों त्या रेघांनाही कोठें ना कोठें तसेच उंचवटे आले. तात्पर्य, वर्षाच्या तीनशेंपासष्ट दिवसांत कोठें तरी एक उंचवटा यावयाचाच. तो जेथें आला त्या ठिकाणास आपण मागाहून नांव देतों. दिवस ऊबदार होतात हें खरें, पण ते तारीख पाहून येत नाहींत.

बोलण्याच्या भरांत मीं त्याला आपल्या सिमला ऑफिसाची गोष्टही सांगितली. पुण्यांत शिवाजीनगरच्या चौकाला लोक अजून सिमला ऑफिसचा चौक म्हणतात. हवामान खात्याची कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून तेथें आली, म्हणून हें नांव. त्यापूर्वीं, १९०४ पासून १९२४ पर्यंत, त्या खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर होते. ते मूळचे केंब्रिजचे गणिती. मोसमी पावसाचें भाकीत करण्यासाठीं त्यांनीं जगभरच्या हवेच्या नोंदी घेतल्या आणि कशाचा कशाशीं संबंध लागतो तें हजारों गणितें करून पाहिलें. प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा जो प्रचंड झोंका आज जगभर अभ्यासिला जातो, तो त्यांतूनच त्यांच्या हातीं लागला. पण मला स्वतःला त्यांचा १९१४ सालचा इशारा अधिक मोलाचा वाटतो. शंभर ठिकाणीं संबंध शोधाल तर त्यांतला एखादा केवळ योगायोगानें मोठा दिसणारच; तेव्हां जो सर्वांत मोठा दिसतो त्याला अधिक कडक कसोटी लावा, असें त्यांचें म्हणणें होतें. इष्ट तेवढाच आंकडा निवडून घेण्याची खोड मनुष्याला असते, हें त्यांनीं ओळखलें होतें.

दादानें सर्व शांतपणें ऐकून घेतलें. "तुझे वॉकरसाहेब क्विन्सीला हिंवाळाभर राहिले होते का?" एवढेंच त्यानें विचारलें, आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलें.

आतां त्या अकरा वर्षांविषयीं.

२००६ च्या जुलईंत आमची आई आजारी पडली. डॉक्टरांनीं मला बाजूला घेऊन सांगितलें, "तीन आठवडे म्हणा, सहा महिने म्हणा, यांत नक्की कांहीं सांगतां येत नाहीं." हें प्रामाणिक भाकीत होतें. त्या रात्रीं दादाचा फोन आला. त्याला नवी नोकरी लागून महिनाही झाला नव्हता. "मी लगेच निघूं का?" त्यानें विचारलें. मीं सांगितलें, "डॉक्टर सहा महिने म्हणतात. दिवाळीला ये, म्हणजे सवडीनें राहतां येईल." जो मनुष्य वर्षानुवर्षें वर्गांत मुलांना बजावीत आला कीं, नुसती सरासरी सांगूं नका, तिच्या दोन्ही बाजूंचा पसारा सांगा, त्यानें स्वतःच्या आईच्या बाबतींत दोहोंपैकीं एकच आंकडा सांगितला. कां सांगितला? दादाची सोय पाहिली, असें मीं मनाला समजाविलें. खरें कारण असें कीं, मला स्वतःलाच तो आंकडा हवा होता.

आई एकोणिसाव्या दिवशीं गेली. दादा पोंचला तेव्हां तिसरा दिवस होता. भरल्या घरांत मावशी त्याला म्हणाली, "शेवटीं डॉलर सुटले नाहींत ना तुझ्यानें?" मी दारांतच उभा होतों. त्या वेळीं एक वाक्य बोललों असतों तर काम झालें असतें. तें मीं बोललों नाहीं. दादाही कांहीं बोलला नाहीं. तेरावा झाल्यावर तो निघून गेला. पुढें अकरा वर्षें सणावारीं फोन होत, मुलांचीं लग्नें झालीं, आहेर पोंचले. पण ज्याला बोलणें म्हणावें तें आमच्यांत झालें नाहीं. माझ्या मौनाला मीं प्रथम दुःख म्हटलें, मग संकोच म्हटलें. पुढें पुढें तर असेंही वाटूं लागलें कीं, कोणी कांहीं सांगो, आईसाठीं त्यानें यायलाच हवें होतें. अपराध करणाराला आपला अपराध लपवितां लपवितां समोरच्याचा अपराध दिसूं लागतो, हें मीं स्वतःवरून सांगतों.

हें सर्व त्या घरांत मला रोज आठवे, याचें कारण हवेचें भाकीतच होतें. अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्यानें १९६५ च्या सुमारापासून पावसाचें भाकीत टक्क्यांत सांगण्याची चाल पाडली आहे. उद्यां पाऊस पडेल असें न म्हणतां पडण्याचा संभव सत्तर टक्के आहे असें म्हणतात. लोक त्याची थट्टा करतात. पडला तरी भाकीत खरें, न पडला तरी खरें, असें म्हणतात. पण ही थट्टा बरोबर नाहीं. ज्या ज्या दिवशीं सत्तर म्हटलें, त्यांतल्या दहांपैकीं सुमारें सात दिवशीं पाऊस पडला पाहिजे. नाहीं तर भाकीत करणारा उघडा पडतो. १९५० सालीं ग्लेन ब्रायर यांनीं असल्या भाकितांना गुण देण्याची रीतच बसवून दिली. म्हणजे पडद्यावरच्या त्या हातवारे करणाऱ्या गृहस्थांची रोज परीक्षा होते, आणि परीक्षक प्रत्यक्ष आकाश. दादाच्या डॉक्टरीणबाईदेखील टक्क्यांतच बोलत, आणि दोन्ही बाजू सांगत. माझें भाकीत मात्र कोणत्याच वहींत नोंदलेलें नव्हतें. त्याला गुण देणारा कोणी नव्हता.

नंतर ती हवा फिरली. १० तारखेसच पडद्यावरचे गृहस्थ सांगूं लागले, "शुक्रवारीं साठ!" म्हणजे आपले पंधरासोळा अंश. लगोलग त्यांनीं हेंही सांगितलें कीं, शनिवारीं रात्रीं पारा पुन्हां कोसळेल. "वीस तारीख कोठें आहे?" मीं दादाला विचारलें. "थोडी लवकर आली," तो म्हणाला.

शुक्रवारीं, १२ जानेवारीला, पहांटे मला जाग आली ती पाण्याच्या आवाजानें. क्षणभर मी कोठें आहें तें समजेना. श्रावणांत कौलांवरून पागोळ्या गळाव्यात तसा तो आवाज होता. खिडकी उघडली तों बाहेर दाट धुकें. दक्षिणेकडून समुद्रावरची उबदार दमट हवा येते, ती थंडगार बर्फावरून वाहूं लागली म्हणजे तिच्यांतल्या वाफेचें धुकें होतें. दुपारपर्यंत अंगणांतले ढीग निम्मे बसले. त्यांच्या पोटांतून एकेक वस्तु वर येऊं लागली: कोणा मुलाचा एक हातमोजा, पिशवींत गुंडाळलेलें आठ दिवसांपूर्वींचें वर्तमानपत्र, आणि मीं चार तारखेनंतर हरवलेली, पण वहिनींना न सांगितलेली, मोटारीवरचा बर्फ खरवडावयाची पट्टी.

इंग्रजींत अशा दिवसांना स्वतंत्र नांव आहे. मराठींत नाहीं, आपल्याला त्याची गरज कधीं पडली नाहीं. दिवसभर मी मनांत शब्द शोधीत होतों, आणि तो सांपडला तो आईच्या तोंडचा: उघडीप. पावसानें उघडीप दिली, असें ती म्हणे. तिचें माहेर वाईकडचें, शेतकऱ्याचें. आम्हां शहरांतल्या मुलांना उघडीप म्हणजे खेळावयास जाण्याची परवानगी. परंतु तिच्या कानांना त्या शब्दांत कामाची हांक ऐकूं येई. संततधार लागली असतां रानांत पाऊल टाकतां येत नाहीं. तण मात्र वाढतच असतें. उघडीप पडली कीं घरांतलें लहानथोर माणूस कोळपणीला आणि खुरपणीला बाहेर पडे. पाऊस गेला असें त्यांतल्या कोणासही वाटत नसे. पाऊस पुन्हां येणार हें ठाऊक असे, म्हणूनच घाई असे.

दादाच्या घरींही त्या दिवशीं घाईच होती. छपराच्या कडेला गोठलेल्या बर्फाचा बांध झाला म्हणजे मागचें पाणी तुंबून छपराच्या फटींतून घरांत उतरतें. तो फोडावयाचा होता. रस्त्याकडेच्या गटाराची जाळी बर्फाखालीं गाडली गेली होती. ती शनिवार रात्रींच्या आंत मोकळी केली नाहीं, तर वितळलेलें सगळें पाणी दारांतच गोठून रस्त्याची कांच झाली असती. मीं कुदळ घेतली. दादानें वहिनींना सांगितलें, "खुर्ची बाहेर ठेव." तीन आठवड्यांत तो उंबऱ्याबाहेर आला नव्हता. डगला, कानटोपी, दोन शाली, असा तो ओसरींत येऊन बसला आणि मला कुदळ धरावयाची कशी तें शिकवूं लागला.

अर्ध्या तासानें जाळी दिसूं लागली. तुंबलेलें पाणी गडगडत खालीं जाऊं लागलें. दादा तिकडे पाहत होता. मी त्याच्याकडे पाठ करूनच बोललों.

"दादा, आईच्या वेळीं सहा महिने मीं सांगितले होते."

"ठाऊक आहे मला. फोन मींच घेतला होता ना?"

"डॉक्टर तीन आठवडेही म्हणाले होते. तें मीं तुला सांगितलें नाहीं."

हें त्याला ठाऊक नव्हतें. मीं वळून पाहिलें. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कांहीं तरी मोजीत असल्यासारखी ती मुद्रा होती. पाण्याचा आवाज चालू होता. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, "सांगितलें असतेंस तर मी त्याच रात्रीं निघालों असतों."

"हो."

"आई भेटली असती."

"हो."

यापुढें माझ्याजवळ शब्द नव्हता, आणि त्यालाही तो माझ्याकडून नको असावा. मी पुन्हां कुदळ चालवूं लागलों. वहिनी आंतून आल्याचा प्याला घेऊन आल्या, आम्हां दोघांकडे पाहिलें, आणि प्याला कठड्यावर ठेवून तशाच परतल्या.

"आणखी एक सांगूं?" दादा म्हणाला. त्याचा आवाज खालीं आला होता. "तूं सहा महिने म्हणालास तेव्हां मला हायसें वाटलें होतें. नवी नोकरी होती. तीन आठवडे असेंही कोणी म्हणालें का, हें मीं तुला विचारलें नाहीं. विचारायला हवें होतें. तुझ्यावर इतकीं वर्षें रागावलों, तें तूं मावशीपुढें गप्प राहिलास म्हणून. पण त्यांतला थोडा राग या हायसें वाटण्यावरचाच होता."

क्षमा वगैरे मोठे शब्द आम्हां दोघांपैकीं कोणीं उच्चारले नाहींत. तसें कांहीं झालें असें म्हणण्याचें धाडसही मी करीत नाहीं. गेलेली भेट कोणत्याही बोलण्यानें परत येत नाहीं. थोड्या वेळानें पावसाची भुरभुर सुरू झाली, तेव्हां मीं त्याला हात देऊन आंत नेलें. दारांत थांबून तो म्हणाला, "मावशी आहे ना अजून? तिला सांग."

त्याच रात्रीं, पुण्यांत सकाळ होती तेव्हां, मीं मावशीला फोन केला. ब्याऐंशी वर्षांची ती म्हातारी सगळें ऐकून घेऊन म्हणाली, "मग हें तेव्हांच सांगायला तुला काय झालें होतें रे?" याला उत्तर नव्हतें. मीं दिलेंही नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिनें आपण होऊन दादाला फोन केला. तीं दोघें काय बोललीं तें मीं विचारलें नाहीं.

शनिवारीं रात्रीं भाकिताप्रमाणें पारा कोसळला. रविवारीं, संक्रांतीच्या सकाळीं, सगळा रस्ता कांचेसारखा चमकत होता. कनेक्टिकट राज्यांत केंट गांवाजवळ तर नदींतला फुटलेला बर्फ तुंबून पुराचें पाणी रस्त्यांवर आल्याची बातमी होती. आमच्या दारापुढचा तेवढा तुकडा कोरडा राहिला होता. वहिनींनीं तिळगूळ केला होता. दादानें एक लाडू तोंडांत टाकला आणि मला विचारलें, "काय मास्तर, तो तुमचा आंकड्यांतला भासच होता ना?" मीं म्हटलें, "तारीख हा भास. शुक्रवार खरा होता."

महिनाअखेर मी परत आलों. दादानें पुढचा हिंवाळाही पाहिला. त्या जानेवारींत त्याचा रोज फोन येई, आणि पारा बत्तिसांच्या वर गेला कीं तो मला विजयी स्वरांत कळवी. २०१९ च्या नोव्हेंबरांत तो गेला. त्या वेळीं मी चार दिवस आधीं पोंचलों होतों. कारण डॉक्टरीणबाईंनीं सांगितलेले दोन्ही आंकडे वहिनींनीं मला फोनवर जसेच्या तसे सांगितले, आणि मीं जवळचा धरला.

आतां दर जानेवारींत मी वीस ते पंचवीस तारखांचें तेथलें तपमान एका वहींत उतरून ठेवतों. कांहीं वर्षीं त्या दिवसांत बर्फ वितळतो, कांहीं वर्षीं वितळत नाहीं. संख्याशास्त्राचा शिक्षक म्हणून माझी त्याविषयीं कांहीं तक्रार नाहीं. वहिनी त्याच घरांत राहतात. मधूनच एखाद्या संध्याकाळीं त्यांचा फोन येतो, "आज पागोळ्या लागल्या आहेत हो, भाऊजी." मी त्यांना पहिला प्रश्न विचारतों तो गटाराच्या जाळीचा. ती मोकळी केली का? आणि त्या म्हणतात, "सकाळींच केली."